न सुटलेला अग्निबाण

शीर्षक वाचून हा लेख अवकाश संशोधनावर असेल असे वाटून कोणी पान उलटू नये. हा लेख एका बाहुल्यावर आहे. पावणेचार इंच उंचीचा, प्लॅस्टिकचा, पाठीवर अग्निबाण घेतलेला बाहुला. तो अग्निबाण कधीच सुटला नाही, आणि त्यामुळे १९७९ साली अमेरिकेतील पुष्कळ मुलांची घोर निराशा झाली.

आपल्या वार्षिकांकात हुंडा, पर्यावरण, स्त्रीशिक्षण, तरुणांपुढील समस्या असे विषय दरवर्षी असतात, आणि ते असावेतच. परंतु ज्यातले आपल्याला थोडेफार कळते त्यावर लिहावे, असे मला वाटते. मला खेळण्यांतले कळते. माझे वडील जत्रांतून आणि आठवडी बाजारांतून खेळणी विकतात. पुसेगावची जत्रा असो की म्हसवडची, आमचे पाल तिथे असतेच. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पण पालावर बसण्याचे शिक्षण मात्र मला वारशाने मिळाले आहे. खेळणे हातात घेताना मुलाचा चेहरा कसा असतो आणि खोके उघडल्यावर तो कसा होतो, हे दोन्ही मी गल्ल्याशेजारी बसून शेकडो वेळा पाहिले आहे. म्हणून धाकट्या भावाने मोबाईलवर 'एक बाहुला चार कोटींना गेला' अशी बातमी दाखविली, तेव्हा ती मी इतरांसारखी हसून सोडून दिली नाही. मिळाले तेवढे वाचले. वाचून जे मत झाले ते येथे मांडते आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की त्या बाहुल्याने मुलांची निराशा केली हे योग्यच झाले. आणि ज्या रीतीने केली ती रीत आपल्याकडच्या थोरामोठ्यांनीही शिकून घ्यावी अशी आहे.

प्रथम बाहुल्याची हकिकत सांगणे भाग आहे. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दूरच्या आकाशगंगेतली राजकन्या, यंत्रमानव, प्रकाशाच्या तलवारी असा सगळा थाट. आपल्याकडच्या पौराणिक चित्रपटांत आणि त्यात मला फारसा फरक दिसत नाही. रथाऐवजी अवकाशयान, एवढेच. या चित्रपटातील पात्रांची खेळणी करण्याचा हक्क सिनसिनाटी शहरातील केनर या कंपनीने घेतला होता. पण चित्रपट इतका चालेल असे कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. खेळण्याचे साचे तयार व्हायलाच कित्येक महिने लागतात. नाताळ तोंडावर आला आणि विकायला बाहुले नाहीत!

मग केनरने एक अजब युक्ती केली. १९७७ च्या नाताळात तिने पुठ्ठ्याचे चपटे पाकीट विकायला काढले. आत एक पुठ्ठ्याचा देखावा, काही चिकटचित्रे आणि एक प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र भरून टपालाने पाठवा, म्हणजे नव्या वर्षात चार बाहुले घरी येतील, अशी ती योजना. ही गोष्ट मी आबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हंजी रिकामं खोकं इकलं? आन् लोकांनी घेतलं?" लोकांनी घेतले, आणि १९७८ च्या आरंभी चारही बाहुले खरोखरच घरपोच आले. कंपनीने शब्द पाळला. म्हणूनच पुढच्या वेळी तिने शब्द दिला तेव्हा मुलांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली पाहिजे. निराशा व्हायला आधी विश्वास असावा लागतो.

येथे शब्दाविषयी एक गंमत सांगून पुढे जाते. इंग्रजीत अशा बाहुल्याला 'डॉल' म्हणत नाहीत, 'ॲक्शन फिगर' म्हणतात. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत आणि त्यांचे वडील घेऊ देणार नाहीत, या भीतीने हे नवे नाव शोधण्यात आले. बाहुली म्हटले की बायकी आणि ॲक्शन फिगर म्हटले की मर्दानी! आमच्या पालावर मात्र सगळेच बाहुले-बाहुल्या एका दोरीला शेजारी शेजारी लटकतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे मुलगे गुपचूप बाहुल्यांचे केस विंचरून पाहतात. असो.

केनरच्या पहिल्या बारा बाहुल्यांत पुढे आणखी आठांची भर पडली. एकविसावा होता बोबा फेट. हा पैसे घेऊन माणसे पकडून देणारा शिकारी. चेहरा कायम शिरस्त्राणात झाकलेला, आणि पाठीवर उडण्याचे यंत्र. चित्रपटाच्या दुसऱ्या भागात तो येणार होता. पण तो भाग १९८० च्या मे महिन्यात यायचा होता, आणि बाहुल्याची जाहिरात सुरू झाली १९७९ मध्ये. म्हणजे मुलांना त्याची चित्रपटातली गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांना त्याच्याविषयी मोहाची वाटावी अशी एकच बाब ठाऊक होती. त्याच्या पाठीवर स्प्रिंगचा अग्निबाण होता आणि तो सुटणार होता. केनरच्या या बाहुल्यांत खरोखर काहीतरी सोडणारा हा पहिलाच.

शिवाय हा दुकानात मिळणार नव्हता. दुसरे चार बाहुले विकत घ्यायचे, त्यांच्या पुठ्ठ्यांवर खरेदीचा पुरावा म्हणून छापलेले चौकोन कापायचे, ते टपालाने पाठवायचे आणि वाट पाहायची. आपल्याकडे साबणाची आणि चहाची वेष्टने साठवून पातेली मिळविणाऱ्या गृहिणी होत्याच. तसाच हा प्रकार. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर चार बाहुले जमविणे ही काही लहान गोष्ट नव्हे. चार वेळा आईची मनधरणी, कोणाचा वाढदिवस, कोणाचे साठविलेले पैसे. तेवढे करून पुन्हा आठवड्यांमागून आठवडे टपालवाल्याकडे डोळे.

आणि याच सुमारास एक वाईट घटना घडली. १९७८ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या दूरदर्शनवर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही अवकाशकथांची मालिका सुरू झाली होती, आणि मॅटेल कंपनीने तिच्यातील अवकाशयानांची खेळणी काढली होती. त्या यानांतून बोटाच्या पेराएवढी लाल प्लॅस्टिकची क्षेपणास्त्रे सुटत. १९७८ च्या नाताळाच्या सुमारास एका चार वर्षांच्या मुलाने ते यान तोंडाशी धरले. क्षेपणास्त्र सुटून घशात अडकले. ते मूल गेले.

१९७९ च्या जानेवारीत मॅटेलने ती क्षेपणास्त्रे परत मागविली. क्षेपणास्त्र पाठवून द्या आणि त्याबदली खेळण्यातली छोटी मोटार घ्या, असे मुलांना सांगितले. पुढे यानांवर क्षेपणास्त्रे राहिली, पण ती पक्की बसविलेली, न सुटणारी.

केनरच्या बोबा फेटचा अग्निबाण याच जातीचा होता. कंपनीने आधी रचना बदलून पाहिली. बाण अडकवून ठेवण्याची खाच आरंभी इंग्रजी 'एल' अक्षरासारखी होती. बाण नको तेव्हा सुटू नये म्हणून ती 'जे' अक्षरासारखी वळवून पाहिली. तरी भरवसा वाटेना. तेव्हा शेवटी बाण पाठीत कायमचा बसवून टाकला आणि तो प्रश्न मिटविला. पण जाहिरात तर होऊन गेली होती! पुठ्ठ्यांवर सुटणाऱ्या बाणाचे चित्र छापून दुकानांत गेलेले. मग त्या चित्रावर दुसरा कागद चिकटविण्याची पाळी आली. मुले चौकोन कापत होती, पाकिटे टपालात पडत होती. कोणाकोणाला सांगणार?

अखेर पेट्या घरोघरी पोचल्या. मुलांनी त्या कशा फाडल्या असतील याची कल्पना मला करावी लागत नाही. आत बोबा फेट होता. मान वळे, हात वरखाली होत, पाय हलत. पाठीवर लाल टोकाचा अग्निबाण होता. तो दाबला, ओढला, फिरविला तरी हलेना. ज्या एका गोष्टीसाठी एवढी यातायात केली तीच नेमकी नाही. यापुढे कित्येक वर्षे अमेरिकेतल्या शाळांच्या मैदानांवर एक दंतकथा फिरत राहिली म्हणतात. "माझ्या मामेभावाकडे बाण सुटणारा बोबा फेट आहे." तो मामेभाऊ नेहमी दुसऱ्या गावी राहणारा असे. आपल्याकडच्या पडक्या वाड्यातले धन जसे नेहमी दुसऱ्याच गावच्या माणसाला सापडते, तसेच हे.

पण पेटीत बाहुल्याबरोबर आणखी एक वस्तू होती, आणि या लेखाचे खरे कारण ती आहे. पेटीत एक चिठ्ठी होती. अग्निबाण सुटण्याची सोय सुरक्षिततेच्या कारणाने काढून टाकली आहे, असे तीत स्वच्छ लिहिले होते. आणि हा बाहुला पसंत नसेल तर तो परत पाठवावा, त्याबदली स्टार वॉर्समधील आवडेल तो बाहुला पाठविला जाईल, असेही लिहिले होते.

मित्रहो, या चिठ्ठीचा जरा शांतपणे विचार करा. एका मोठ्या कंपनीने पाच-सात वर्षांच्या मुलामुलींना लिहिलेले हे पत्र आहे. तीत तीन गोष्टी आहेत. सांगितले होते ते देत नाही, याची कबुली. का देत नाही, याचे कारण. आणि त्याबदली काय मागता येईल, याचा हक्क. आजवर मला स्वतःला जी जी सरकारी, निमसरकारी वा खाजगी पत्रे आली, त्यांत या तिन्ही गोष्टी एका वेळी कधी आढळल्याचे मला आठवत नाही. बहुतेक वेळा पत्रच येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. काही जण म्हणतील, कंपनीला मुलांचा पुळका आला नव्हता. कोर्टकचेरीची भीती वाटली. वाटलीच असेल. अमेरिकेत नुकसानभरपाईचे दावे मोठमोठे होतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण माझा प्रश्न असा, की भीतीने केलेले योग्य काम हे काम नव्हे काय? रस्त्यावर हेल्मेट घालणारा दंडाच्या भीतीने घालतो की डोक्याच्या प्रेमाने, हे डोके विचारीत नाही. शिवाय तारखा पाहाव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत घशात अडकतील असे सुटे भाग असू नयेत, हा नियम अमेरिकेत १ जानेवारी १९८० पासून अमलात आला. बोबा फेटचा बाण त्यापूर्वीच बसवून टाकला होता. आणि जे मूल गेले ते चार वर्षांचे होते. म्हणजे त्या नियमाच्या अक्षराप्रमाणे त्याचे रक्षण झालेच नसते. नियमाने जेवढे मागितले असते त्याहून एक पाऊल पुढे जाणे केनरला भाग पडले. का म्हणेनात, पण पाऊल पडले हे खरे.

दुसरा आक्षेप आमच्या गावच्या पारावर हमखास ऐकू येतो. "आम्ही बेचक्या घेऊन वाढलो, झाडावरून पडलो, आम्हाला काय झालं?" जे हे बोलतात ते जिवंत आहेत म्हणून बोलू शकतात, एवढेच माझे उत्तर. बेचकीने ज्याचा डोळा गेला तो पारावर येऊन अभिमानाने सांगत नाही. आणि बेचकी व अग्निबाणाचा बाहुला यांत एक मोठा फरक आहे. बेचकी मूल स्वतः करते, तिचा नेम स्वतः धरते. ती काय करू शकते ते त्याला माहीत असते. दुकानातून आलेल्या बंद खोक्यावर मूल विश्वास टाकते. मोठ्यांनी केले आहे, मोठ्यांनी विकले आहे, म्हणजे ते तोंडाशी धरायला हरकत नाही, असे ते धरून चालते. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याची जबाबदारी अधिक.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. निराशा ही काही क्षुल्लक वस्तू नाही. मुलाने वाट पाहिली, पैसे खर्चिले, आणि हाती वेगळेच आले. हा अन्यायच होय. मला तो मान्य आहे. किंबहुना मान्य आहे म्हणूनच ती चिठ्ठी मला महत्त्वाची वाटते. निराशा क्षुल्लक असती तर चिठ्ठीची गरजच नव्हती. बाण काढून टाकणे हे मुलाच्या जिवाविषयीचे कर्तव्य होते आणि चिठ्ठी लिहिणे हे मुलाच्या मानाविषयीचे. पुष्कळ मोठी माणसे पहिले कर्तव्य कसेबसे करतात आणि दुसरे विसरतात. "तुझ्या भल्यासाठीच केले" एवढे म्हणून मोकळी होतात. भले केले हे ठीक. पण सांगितले का?

आता त्या चार कोटींच्या बाहुल्याकडे वळते. बाण सुटणारे जे नमुने करून पाहिले होते त्यांतले काही कारखान्यातल्या लोकांकडे राहिले आणि पुढे संग्राहकांच्या हाती गेले. त्यांतलाच हाताने रंगविलेला एक नमुना २०२४ साली अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ५,२५,००० डॉलरला विकला गेला. आपल्या हिशेबाने चार कोटी रुपयांहून अधिक. ज्या बाहुल्याशी कोणी मूल कधी खेळले नाही, ज्याला विक्रीयोग्य मानले गेले नाही, त्याची ही किंमत. चिठ्ठीसह घरोघरी गेलेल्या साध्या बोबा फेटला त्याच्या पासंगालाही पुरेल इतकी किंमत नाही.

संग्राहकांवर मी रागावलेली नाही. दुर्मिळ वस्तूला किंमत येते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षात शिकवितात. त्यांतले कितीतरी जण तेव्हाची निराश मुले असतील. लहानपणी न मिळालेले मोठेपणी विकत घ्यावे असे कोणाला वाटत नाही? माझ्या आईने गेल्या दिवाळीत स्वतःसाठी पितळी भातुकली घेतली. तिला कोण हसणार? पण बाजाराने लावलेली किंमत हीच वस्तूची योग्यता, असे आपण हळूहळू मानू लागलो आहोत, त्याला माझा विरोध आहे. बाजार त्या नमुन्याला चार कोटी देतो, कारण तो मोडलेल्या शब्दाची आठवण आहे. तो शब्द मोडला म्हणून कदाचित एखादे मूल वाचले, याची आठवण म्हणून न सुटणारा बाण आहे. पण त्याला गिऱ्हाईक नाही. जे घडले नाही त्याचा लिलाव करता येत नाही. न घडलेल्या अपघाताला बाजारात भाव नसतो.

या कथेचा शेवटही मोठा मजेशीर झाला. ज्या बोबा फेटसाठी मुलांनी जीव टाकला, तो १९८० च्या चित्रपटात मोजून चार वाक्ये बोलतो. १९८३ च्या तिसऱ्या भागात नीट न दिसणाऱ्या नायकाचा फटका चुकून त्याच्या पाठीवरच्या यंत्राला लागतो, ते भलत्याच वेळी सुरू होते, आणि हा शूर शिकारी भेलकांडत वाळूतल्या राक्षसाच्या तोंडात जाऊन पडतो. म्हणजे पाठीवरची वस्तू नको तेव्हा सुटली की काय होते, हे चित्रपटानेच दाखवून दिले! पुढे केनर कंपनी राहिली नाही. १९९१ मध्ये ती हॅस्ब्रोकडे गेली. आणि त्या हॅस्ब्रोने २०१० साली टपालाने मागवायचा, खरोखर बाण सुटणारा बोबा फेट काढला. एकतीस वर्षांनी शब्द पुरा झाला. तेव्हाची मुले चाळिशीला टेकली होती.

हे सगळे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे काय? आपल्या देशात खेळण्यांसाठी २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचे झाले. त्यामागच्या मानकात एक साधे नळकांडे आहे. व्यास सुमारे सव्वा इंच. लहानग्यांच्या खेळण्याचा सुटा भाग त्यात संपूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असे समजायचे आणि खेळणे नापास करायचे. अमेरिकेच्या नियमातही असेच नळकांडे आहे. एवढीशी नळी, पण तिच्यामागे कोणाची तरी मुले आहेत. अशा वस्तूपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

नियम झाला, पण जत्रेचा धुरळा आणि दिल्लीचा आदेश यांत अंतर फार. चिन्ह असलेला माल महाग पडतो, बिनचिन्हाचा स्वस्त मिळतो, आणि शेजारचे पाल त्याने भरलेले असते. आबांना यातले वाचता येत नाही. ते चौथीत शाळा सोडून बाजाराला लागले. पण त्यांची स्वतःची एक रीत आहे. आमच्याकडे एक यंत्रमानव येतो. खोक्यावरच्या चित्रात त्याच्या छातीतून दोन अग्निबाण ज्वाळा ओकत सुटलेले असतात. आत मात्र छातीवर लाल कागद चिकटविलेला असतो. आबा प्रत्येक गिऱ्हाइकासमोर खोके उघडतात, सेल घालतात, यंत्रमानव फळीवर चालवून दाखवितात आणि आईबापांना सोडून थेट मुलाकडे बघून सांगतात, "ह्यो चालतोय. दिवं लागत्यात. बाण काय सुटत न्हाईत, ते नुसतं चितार हाय. पायजे का?"

दहांतली चार मुले तोंड पाडून पुढच्या पालावर जातात. तिथली खोकी बंद असतात आणि चित्रे तीच असतात. आई म्हणते, "तुमचं त्वांडच धंदा बुडवतंय." आबा म्हणतात, "पुढल्या वर्साला ह्याच जागंवर पाल टाकायचंय." केनरच्या चिठ्ठीत जे होते तेच आबा तोंडाने सांगतात, इतकेच.

पण हे लिहून मी वडिलांचा नुसता गौरव करून थांबले तर ते खरे होणार नाही. आमच्या पालावर छर्ऱ्यांची पिस्तुलेही असत. पिवळ्या प्लॅस्टिकचे गोल छर्रे, हरभऱ्यापेक्षा किंचित मोठे. एका डझनामागे सुटणारा पैसा यंत्रमानवाच्या कितीतरी पट. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीत त्या पिस्तुलांचा वाटा मोठा होता, हे मला पक्के ठाऊक आहे. मीच वही लिहिते. बोबा फेटची हकिकत वाचल्यावर मी आबांशी भांडले. ते म्हणाले, "तू म्हनतीस ते खरं. पर आपून न्हाई ठिवलं तर शेजारी ठिवनारच. पोरगं काय बिनपिस्तुलाचं ऱ्हातंय व्हय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ चांगलेसे उत्तर नाही. केनरपुढेही हाच प्रश्न असणार. जे मूल बाण सोडायचे म्हणते ते दुसरीकडून सोडील. तरीही, माझ्या पालावरून नेलेल्या वस्तूने ते होऊ नये, एवढे तरी माझ्या हातात आहे. या वर्षी पुसेगावला आम्ही पिस्तुले नेली नाहीत. विचारायला आलेल्या पोरांना आबांनी कारणही सांगितले: "घशात जात्यात, डोळ्यात जात्यात." धंदा कमी झाला. पुढच्या वर्षीचे मी लिहून देत नाही. माझ्या तृतीय वर्षाची फी अजून भरायची आहे. चांगले वागण्याला खर्च येतो, आणि तो मोठ्या कंपनीपेक्षा छोट्या पालाला जास्त जाणवतो, हे अशा नियमांचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पालवाल्याला चिन्हाचा माल परवडेल असा भाव आणि थोडी उधारी मिळाली, तर दंडाच्या पावतीपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, असे माझे मत आहे.

आणि शेवटी आपल्या सर्वांशी संबंध असलेली गोष्ट. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी याआधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही. आपल्यालाही अनेक रंगीत खोकी दाखविली जातात. या योजनेत इतके मिळेल, त्या वसतिगृहात जागा होईल, अमुक अभ्यासक्रम केला की नोकरी ठेवलेलीच. आपण चौकोन कापावेत तसे दाखले गोळा करतो: उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा. पाठवून देतो आणि वाट पाहतो. मग यादी लागते आणि तीत नाव नसते. खिडकीवर विचारले तर "नंतर या". नाव का नाही, याची चिठ्ठी नाही. त्याबदली काय मागता येईल, याचा तर उच्चारही नाही. आपली निराशा होते याचे मला तितके वाईट वाटत नाही. पैसा कमी असतो, जागा थोड्या असतात, हे गरिबाला समजावून सांगावे लागत नाही. पण पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला जी चिठ्ठी मिळाली, ती एकोणीस वर्षांच्या मुलीला का मिळू नये?

म्हणून खेळणी करणाऱ्यांना, विकणाऱ्यांना आणि याद्या लावणाऱ्यांनाही माझे सांगणे एकच आहे. जो बाण धोक्याचा आहे तो बेलाशक काढून टाका. आमची निराशा झाली तरी चालेल. पण तो काढला आहे हे खोक्यावर लिहा. का काढला ते सांगा. आणि त्याबदली आम्ही काय मागू शकतो, तेही त्याच कागदावर, आम्हाला वाचता येईल अशा अक्षरांत लिहून पाठवा.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा